पीएफ आणि ५०% चा नियम: इन-हँड पगार खरंच कमी होणार का?

"नवे कायदे आले, पगार घटणार" हा मेसेज सदाशिव पेठेतल्या आमच्या छोट्या ऑफिसच्या ग्रुपवर आतापर्यंत चारदा आलाय. तो अर्धाच खरा आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यात वेतनाची व्याख्या बदलली: एचआरए वगैरे भत्ते एकूण मोबदल्याच्या ५०% च्या वर गेले, तर वरची रक्कम वेतनातच धरायची. समजा महिन्याला ६०,००० रुपये; बेसिक २०,०००, भत्ते ४०,०००. आता वेतन ३०,०००.

पीएफ पूर्ण बेसिकवर कापला जात असेल, तर १२ टक्क्यांनी २,४०० चे ३,६०० होतील. पण बऱ्याच कंपन्या १५,००० च्या मर्यादेवरच कापतात (ही मर्यादा २०१४ साली ठरलेली, ते वेगळंच दुखणं). तिथे १,८०० चे १,८०० च राहतात, इन-हँडला धक्का नाही. तेव्हा आधी पेस्लिप उघडा.

ग्रॅच्युइटीला मात्र ही १५,००० ची अट नाही. वरच्याच उदाहरणात ५ वर्षांचे साधारण ५७,६९२ रुपये मिळायचे, ते ८६,५३८ होतात. शिवाय ठरावीक मुदतीच्या करारावरच्यांना ती आता एका वर्षानंतरच लागू होते. आमची निम्मी टीम अशाच करारावर आहे, पण ग्रुपवर याबद्दल कुणी चकार शब्द काढलेला नाही.