शिवलिंगी : कुंपणावरची पट्टेरी फळे

महाराष्ट्रात पावसाळ्यात कुंपणांवर, शेताच्या बांधांवर आणि झुडपी रानाच्या कडेने ज्या रानवेली माजतात, त्यांत शिवलिंगी ही फळांवरून सर्वांत सहज ओळखू येणारी वेल होय. कारण पिकल्यावर लालभडक होणाऱ्या तिच्या गोटीएवढ्या फळावर देठापासून टोकापर्यंत पांढरे पट्टे उमटलेले असतात आणि फळ पूर्ण पिकले तरी ते पुसले जात नाहीत. वनस्पतिशास्त्रात ‘डिप्लोसायक्लॉस पाल्मेटस’ या नावाने ओळखली जाणारी ही वेल काकडी, दोडका आणि कारले यांच्या कुकर्बिटेसी म्हणजे कर्कटी कुलातील आहे. भारताप्रमाणेच उष्णकटिबंधीय आफ्रिका, आग्नेय आशिया आणि उत्तर ऑस्ट्रेलिया येथेही ती मूळचीच आहे. लिनीअसने 1753 मध्ये तिला ‘ब्रायोनिया’ या प्रजातीत घातले होते. इंग्लंडमधील क्यू वनस्पतिउद्यानातील चार्ल्स जेफ्री यांनी 1962 मध्ये तिला आजचे नाव दिले. औषधींच्या अनेक पुस्तकांत मात्र अजूनही ‘ब्रायोनिया लॅसिनिओसा’ हेच नाव छापले जाते. ते मुळात दुसऱ्याच, अमेरिकेतील वेलीचे आहे, त्यामुळे हा निष्काळजीपणा क्षम्य म्हणता येत नाही.

शिवलिंगी बहुवर्षायू, म्हणजे अनेक वर्षे जगणारी आहे. उन्हाळ्यात तिचा वरचा भाग वाळून जातो आणि जमिनीतील मांसल मुळांच्या आधारे पावसाळ्यात पुन्हा नवे धुमारे फुटतात. खोड बारीक, कंगोरेदार व गुळगुळीत असते आणि आधार मिळाल्यास ते कित्येक मीटर वर चढते. पाने हस्ताकृती, म्हणजे तळहातातून बोटे फुटावीत तशी बहुधा पाच खंडांत विभागलेली असून वरच्या पृष्ठावर हात फिरवला तर खरखरीत लागतात.

चढण्याचे काम तणावे करतात. तणावा म्हणजे आधाराला वेढा घालणारा तंतूसारखा अवयव. शिवलिंगीत तो टोकाकडे दुभंगलेला असतो. टोक काडीला टेकले की ते तिच्याभोवती गुंडाळले जाते आणि मग मधला भागही पिळत जातो. परंतु दोन्ही टोके अडकलेली असल्यामुळे अर्धा भाग एका दिशेने आणि उरलेला अर्धा उलट दिशेने वळतो. वेलींच्या चलनवलनावरील 1865 च्या प्रबंधात चार्ल्स डार्विनने या उलटसुलट पिळाची चर्चा केली आणि शिवलिंगीच्या नात्यातील युरोपीय ब्रायोनिया वेल वादळातही कुंपणाला कशी धरून राहते, हे नोंदवले. वाऱ्याचा झोत आला की पीळ ताणला जातो, झोत ओसरला की तो पुन्हा आखडतो, आणि म्हणून वेल तुटत नाही.

फुले लहान, हिरवट पिवळी आणि एकलिंगी असतात. नरफुलात केवळ पुंकेसर आणि मादीफुलात केवळ किंजमंडल असते, पण दोन्ही प्रकारची फुले एकाच वेलीवर, बहुधा पानाच्या एकाच बगलेत झुबक्याने येतात. मादीफुलातील किंजपुट, म्हणजे ज्याचे पुढे फळ होते तो भाग, पाकळ्यांच्या खाली असतो. म्हणून फूल उमलण्यापूर्वीच त्याच्याखाली इवलेसे फळ धरल्यासारखे दिसते. फळ हे मृदुफळ, म्हणजे गरात बिया असलेले आणि आपोआप न उकलणारे फळ असून त्याचा व्यास साधारण दीड ते दोन सेंटिमीटर असतो. देठ जवळजवळ नसल्यामुळे फळे खोडालाच चिकटल्यासारखी भासतात.

ओळखण्यात घोटाळा होतो तो मुख्यतः रानतोंडलीशी. तिच्या कच्च्या फळावरही पांढरे पट्टे असतात, परंतु पिकताना ते नाहीसे होऊन लांबट फळ सर्वांगी लाल होते. शिवाय तिची फुले मोठी व पांढरी असून नर आणि मादी वेली वेगवेगळ्या असतात. कवंडळ या दुसऱ्या रानवेलीचे लाल फळ शिवलिंगीपेक्षा बरेच मोठे आणि फूल झालरीदार पांढरे असते.

शिवलिंगी हे नाव मात्र बीमुळे पडले आहे. सुमारे पाच मिलिमीटर लांबीच्या या करड्या तपकिरी बीच्या दोन्ही बाजू फुगीर असतात आणि भोवती कड्यासारखा उंचवटा असतो, त्यामुळे ती शाळुंकेसह शिवलिंगासारखी दिसते. या साम्यामुळेच अपत्यप्राप्तीसाठी आणि काही ठिकाणी मुलगाच व्हावा म्हणून या बिया देण्याची प्रथा पडली असावी. उंदरांवर त्यांचे काही प्रयोग झाले आहेत, परंतु त्यांवरून माणसांत गुण येतो असे ठरत नाही. आणि मुलगा की मुलगी हे तर पुरुषाच्या शुक्रपेशीतील गुणसूत्रावर ठरते, त्यात बीचा काहीही संबंध नाही.

फळे विषारी मानली जातात. म्हणून ती कितीही मोहक दिसली तरी मुलांना चाखू देऊ नयेत. बागेत ही वेल हवी असल्यास पिकलेल्या फळांतील बिया धुऊन, सावलीत वाळवून ठेवाव्यात आणि पावसाळ्याच्या तोंडावर कुंपणालगत पेराव्यात. रानातील जुनी वेल मुळासकट उपटून आणू नये.