पाहुण्या वटवट्यांची ओळख

शेपटी उभारून झुडपात वर्षभर चिवचिवणाऱ्या वटवट्यास आपण ओळखतो. आज आम्ही बोलणार आहोत ते त्याच्या पाहुण्या भाऊबंदांविषयी. सप्टेंबर-ऑक्टोबरात उत्तरेकडून ते येतात आणि उन्हाळा तापू लागला की परत फिरतात.

या मंडळींना रंगावरून ओळखू पाहणारा हमखास फसतो. एक हिरवट, एक तपकिरी, अंगावर ठळक खूण नाही. हिरवट वटवट्याचे वजन अवघे 7-8 ग्रॅम, पानाआड क्षणभर स्थिर नाही. त्याच्या पंखावरची फिकट रेघही झिजून दिसेनाशी होते. म्हणून आधी जागा पाहावी, मग कान द्यावा. वड-आंब्याच्या शेंड्याकडून 'चि-वी' असा दोन तुकड्यांचा तीक्ष्ण आवाज आला, तर तो हाच. खाली कुंपणात दडून कोणी थांबून थांबून 'टक्, टक्' करीत असेल, तर तो ब्लाइथचा बोरू-वटवट्या. नावात बोरू असला तरी हिवाळ्यात त्याला झुडपेच प्रिय. आणि किल्ल्याच्या तटावर किंवा कातळावर तुरुतुरु चढणारा, पिवळ्याधमक भुवईचा दिसला, तर तो गंधकी वटवट्या.

हिवाळ्यात घरटे नाही, पिले नाहीत, मग हा आवाज कशासाठी? हिरवट वटवट्या, नर असो वा मादी, आपापली झाडे धरून हद्द राखतो, कारण त्या झाडांवरच्या किड्यांवर त्याचे पोट असते. पोटाचा प्रश्न आला की आवाज चढतो, हे कामगार चळवळीतल्या आम्हांस निराळे सांगावयास नको!

आवाज हाती नसला म्हणजे काय होते, ते पाहा. 1885 साली राष्ट्रसभेच्या स्थापनेत पुढाकार घेणाऱ्या ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी 1867 साली सतलजच्या खोऱ्यात मोठ्या चोचीचा एक बोरू-वटवट्या मिळविला. मागे राहिले ते एकच मुके कातडे. ही निराळी जात की दुसऱ्याच जातीचा विचित्र नमुना, याचा निकाल लागला तो थेट 2002 साली, जनुकांच्या तपासणीने. 2006 साली थायलंडात तो जिवंत सापडला. पुढे 2008 साली अफगाणिस्तानच्या वाखान भागात एका पाहणीत अनोळखी गाणे ध्वनिमुद्रित झाले. दुसऱ्या वर्षी तेथे पक्षी पकडून पिसे तपासली, तेव्हा गाणारा हाच निघाला.

दुर्बीण नाही म्हणून कोणी अडून बसू नये. सकाळी नेहमीच्या झाडाखाली पाच मिनिटे उभे राहावे आणि आवाज कानी पडेल तसा, तारीख घालून, वहीत उतरवावा.