वैमानिकाचे घड्याळ

घड्याळ आपल्याला किती वाजले ते सांगते. शाळेची घंटा आणि एस.टी.ची वेळ चुकू नये म्हणून आपण ते पाहतो. परंतु जुन्या विमानांतील घड्याळ आणखी एक मोठे काम करी. आपले विमान कुठे पोचले आहे, हे वैमानिक घड्याळावरून ठरवत असे.

हे कसे, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, एक छोटे जुने विमान वाशीमहून अकोल्याकडे निघाले आहे. सरळ रेषेत हे अंतर सुमारे ६७ किलोमीटर आहे. विमानाचा वेग ताशी १६० किलोमीटर आहे. वाशीमचे रेल्वे स्टेशन खाली दिसताच वैमानिक वेळ लिहून ठेवतो. बरोबर ८ वाजले आहेत. मग तो होकायंत्र पाहून दिशा धरतो आणि हिशोब करतो. ६७ किलोमीटरला सुमारे २५ मिनिटे लागतील. म्हणजे ८ वाजून २५ मिनिटांनी अकोला दिसले पाहिजे.

पण आकाशात वारा असतो. समोरून ताशी २० किलोमीटर वेगाचा वारा असेल, तर विमान तासाला १४० किलोमीटरच पुढे जाईल. वारा डोळ्यांना दिसत नाही. मग तो कसा कळणार? वैमानिक नकाशात अर्ध्या वाटेवरची एखादी खूण शोधतो. नदी, तलाव किंवा रेल्वेचा रूळ. त्या खुणेपाशी तो दोन मिनिटे उशिरा पोचला, तर अकोल्याला चार मिनिटे उशीर होणार, हे त्याला आधीच समजते.

यासाठी विमानात खास घड्याळे बसवत. एकदा किल्ली दिली की आठ दिवस चालणारी घड्याळे त्या काळी वापरात होती. काही घड्याळांत निघाल्याची वेळ दाखवणारा वेगळा काटा असे. काहींत स्टॉपवॉचही असे. ढगात शिरल्यावर जमीन दिसेनाशी होते. अशा वेळी वैमानिक स्टॉपवॉच सुरू करून सेकंदाला तीन अंश या गतीने वळतो. बरोबर एका मिनिटात विमानाचे तोंड उलट दिशेला होते आणि तो आल्या वाटेने परत फिरू शकतो.

पेट्रोलचा हिशोबही घड्याळावरच असे. टाकीत चार तासांचे पेट्रोल असेल, तर चौथा तास संपण्याची वाट पाहून चालत नाही. ठरलेल्या वेळी गाव दिसले नाही, तर पेट्रोल शिल्लक असतानाच परतावे लागते किंवा सुरक्षित मैदान शोधावे लागते. मोटार रस्त्यात थांबते, विमान आकाशात थांबत नाही.

आपल्या देशात सुरुवातीच्या काळातील विमान-टपाल अशाच साधनांवर चाले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी टपाल घेऊन कराचीहून उड्डाण केले. त्यांचे ‘पस मॉथ’ विमान एका इंजिनाचे होते. त्यात रेडिओ नव्हता. कराची ते अहमदाबाद या सरळ मार्गावर कच्छचे रण लागते. तिथे मैलोगणती गाव नाही, झाड नाही. अशा ठिकाणी होकायंत्र आणि घड्याळ हेच वैमानिकाचे सोबती. अहमदाबादला पेट्रोल भरून टाटा त्याच दिवशी मुंबईच्या जुहू विमानतळावर उतरले. पन्नास वर्षांनी, १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी याच मार्गावर पुन्हा जुन्या पद्धतीचे छोटे विमान चालवले.

आज उपग्रह विमानाची जागा क्षणात दाखवतात. तरीही कॉकपिटमध्ये घड्याळ असते आणि नवशिका वैमानिक वेळेचा हा हिशोब शिकतो. यंत्र बंद पडले, तरी ज्याने निघाल्याची वेळ लिहून ठेवली आहे, त्याला आपण कुठे आहोत याचा अंदाज बांधता येतो.

शब्दार्थ
वैमानिक – विमान चालवणारा
होकायंत्र – दिशा दाखवणारे यंत्र
टपाल – डाक
नवशिका – नुकताच शिकू लागलेला

स्वाध्याय
१. वैमानिक निघाल्याची वेळ का लिहून ठेवतो?
२. वारा मागून असेल, तर विमान लवकर पोचेल की उशिरा? कारण सांगा.
३. ‘मोटार रस्त्यात थांबते, विमान आकाशात थांबत नाही’ याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
४. तुमच्या घरापासून शाळेपर्यंत किती मिनिटे लागतात, ते घड्याळ लावून मोजा. अर्ध्या वाटेवरची एक खूण लिहा.