आयर्विनला किती?

"मुलाचं आधार कार्ड आणलंय का, काकू?" बोट क्लबच्या टेबलामागच्या पोरानं विचारलं. मुलगा पुण्यात नोकरीला आहे, शिकायला मीच आलेय, असं सांगितल्यावर त्यानं एकदा माझ्याकडे, एकदा माझ्या पिशवीतल्या मेथीकडे पाहिलं आणि फॉर्म पुढे सरकवला. मला तेव्हा चौपन्नावं चालू होतं.

लग्न होऊन सांगलीत आले, त्याला तीस वर्षं होत आली. घर गावभागात, कृष्णेपासून पाच मिनिटांवर. पण माझी नदी म्हणजे काय, तर कार्तिकात सोडायचे दिवे, गणपतीचं विसर्जन आणि पावसाळ्यात शेजारणीला विचारायचा एकच प्रश्न : "आयर्विनला किती?" आयर्विन पूल १९२९ सालचा. तिथं पाणी फुटांत मोजतात. ४० ला इशारा, ४५ ला धोका. हे आकडे इथल्या लहान पोरालाही पाठ असतात.

ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ च्याही वर गेलं. आम्ही दोन रात्री गच्चीवर काढल्या; मी, हे आणि ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई. तिसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत चक्क होडी आली. वल्ही मारणारी पोरं विशीतली. त्यांनी सासूबाईंना अलगद उचलून घेतलं, मला गाठोड्यासारखं मध्ये बसवलं आणि एकजण म्हणाला, "काकू, फक्त हलू नका." मला तेवढंच काम होतं! त्याच आठवड्यात, ८ तारखेला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना घेऊन निघालेली होडी उलटली. बायका-मुलं बुडाली. ही बातमी आम्ही निवाऱ्याच्या शाळेत ऐकली. त्या बायकांनाही कुणी "हलू नका" म्हणालं असेल का, हा विचार पुढे कितीतरी दिवस माझ्या डोक्यातून गेला नाही.

मग करोना आला, आणि सगळंच राहून गेलं. २०२२ च्या डिसेंबरात मी फॉर्म भरला.

आधी पोहण्याची परीक्षा. माहेरच्या विहिरीत कमरेला वाळका भोपळा बांधून वडिलांनी शिकवलं होतं; ते इतक्या वर्षांनी कामाला आलं. मग लाइफ जॅकेट, आणि मग कनू. दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी होडी. वल्ह्याला एकच पातं, तोंड पुढच्या दिशेला. कयाक वेगळी, तिच्यात पाय लांब करून बसतात आणि वल्ह्याला दोन्हीकडे पाती असतात. ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या कनूच्या शर्यती १९३६ च्या बर्लिनपासून आहेत. बायकांना कयाक १९४८ मध्ये मिळाली, पण कनूसाठी टोकियोपर्यंत, म्हणजे २०२१ पर्यंत थांबावं लागलं. तेव्हा मीही काही फार उशीर केला नाही!

शिकवणारा पोरगा तेवीस वर्षांचा. पहिला धडा, उलटायचं कसं. मुद्दाम उलटायचं, होडी सोडायची नाही, वल्हं सोडायचं नाही आणि धार जिकडून येते त्या बाजूला राहायचं, म्हणजे होडी अंगावर येत नाही. डिसेंबरातलं सकाळचं पाणी नाकातोंडात गेलं तेव्हा मला घरातली गरम चादर आठवली, हे कबूल करते.

खरी अडचण पुढेच होती. गुडघे फाकवून होडीत बसले, उजवीकडून वल्हं मारलं की नाक डावीकडे. पुन्हा मारलं, आणखी डावीकडे. जोर केला तर गरागरा. तीन आठवडे मी घाटासमोर भोवऱ्यासारखी फिरले. धुणं धुणाऱ्या बायकांची फुकट करमणूक झाली. "ओ काकू, रेटू नका. शेवटाला मनगट वळवा," पोरगा काठावरून ओरडायचा. वल्हं मागे गेलं की वरच्या हाताचा अंगठा खाली वळवायचा आणि पात्यानं पाणी किंचित बाहेर लोटायचं, एवढीच युक्ती. सांगायला एक ओळ, जमायला महिना. भाकरी थापताना, बसमध्ये, कुठंही माझं मनगट आपोआप वळायला लागलं, तेव्हा हे हसून म्हणाले, "डॉक्टरला दाखवू या का?"

सासूबाई मात्र रोज एकच विचारायच्या, "मगर दिसली का?" हा विनोद नाही. कृष्णेत मगरी आहेत आणि थंडीत त्या काठावर उन्हाला पडतात. एकदा पलीकडच्या काठाला दिसली. मला ओंडका वाटला. पोरगा हळूच म्हणाला, "लांबून जायचं," आणि आम्ही लांबून गेलो. घरी मी "नाही दिसली" म्हणाले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या सासूबाई गुळाच्या काहिलीत बसून नदी ओलांडायच्या, ते पुन्हा एकदा सांगितलं.

एक दिवस मी त्याला मनातलं विचारलं : पूर आला तर मला या होडीतून कुणाला आणता येईल का? तो हसला नाही. "नाही काकू. पुरात ही काढायचीच नाही. ते काम वेगळं, बोटी वेगळ्या. तुम्ही आधी घर सोडा, लवकर." मी थोडी खट्टू झाले. पण मला तो आवडला.

फेब्रुवारीत त्यानं मला पुलापर्यंत जाऊन यायला सांगितलं. तो मागून दुसऱ्या होडीत. पाणी संथ होतं, नाक बऱ्यापैकी सरळ राहिलं. पुलाखाली पोचले आणि वल्हं आडवं धरून वर पाहिलं. खांबावर फुटांचे आकडे रंगवलेले. मी ४५ शोधला. मान पार मागे टाकावी लागली. त्याच्या वर आणखी बारा फूट मी डोळ्यांनी मोजले. त्या दिवशी मी तिथून गेले होते, हात मांडीवर ठेवून.

होडी आपली आपण तिरकी व्हायला लागली.

"काकू, थांबलात का?" मागून आवाज आला.

"हलतेय, हलतेय," म्हणाले आणि वल्हं पाण्यात घातलं.