पाच मीटर आणि पंधरा सेंटीमीटर

मानसरोवराच्या परिसरातल्या हिमनद्यांमधून निघालेली ब्रह्मपुत्रा तिबेटच्या पठारावरून हजाराहून अधिक किलोमीटर पूर्वेकडे वाहत जाते. तिथे तिचं नाव यारलुंग त्सांगपो. मग एका अंगाला ७,७८२ मीटर उंचीचा नामचा बारवा उभा राहतो, दुसऱ्या अंगाला ७,२९४ मीटरचा ग्याला पेरी. दोन शिखरांत अंतर जेमतेम वीस किलोमीटर, आणि त्यांच्यामधून जाणारी नदी साधारण २,८०० मीटरवर. तिच्या पात्रात तीन कळसूबाई एकावर एक रचल्या, तरी नामचा बारवाचा माथा थोडा वरच राहील.

तिबेटात जवळपास ३,००० मीटरवर दिसणारी नदी आणि आसामच्या तोंडाशी १५० मीटरवर येणारी नदी एकच, हे एकोणिसाव्या शतकात अनेकांना पटत नव्हतं. मध्ये अजस्र धबधबा असणार, असा तर्क होता. छडा लावायला १८८० मध्ये सिक्कीमचा शिंपी किंथुप निघाला. सोबतच्या लामाने त्याला गुलाम म्हणून विकून टाकलं. त्यातून सुटून त्याने खुणा केलेले ५०० ओंडके, रोज ५० याप्रमाणे, दहा दिवस नदीत सोडले. पण ओंडके कधी सोडणार हे कळवणारं पत्र पोहोचलंच नव्हतं. खाली आसामात ते पाहायला कुणी नव्हतं. त्या ओंडक्यांची मला आजही चुटपुट लागते.

नदी एकच निघाली. नामचा बारवाला घातलेलं वळण आणि पुढचं खोरं, जिथे तिला सियांग म्हणतात, मिळून सुमारे ५०० किलोमीटरांत ती २,७०० मीटर उतरते, म्हणजे किलोमीटरला पाच मीटरहून जास्त. जुलै २०२५ मध्ये चीनने याच वळणावर सुमारे ६०,००० मेगावॉटच्या प्रकल्पाचं काम सुरू केलं. आपली कोयना सगळी मिळून १,९६० मेगावॉटची.

आणि गुवाहाटीजवळ? किलोमीटरला १० ते १५ सेंटीमीटर. एवढ्याशा उतारावर डोंगरातून आणलेला गाळ पुढे रेटता येत नाही. तो बसतो, नदीला फाटे फुटतात, काठ कापले जातात. गुवाहाटीतल्या पांडूला सव्वा किलोमीटर रुंद असलेलं पात्र इतरत्र पंधरा किलोमीटरच्या पुढे जातं. १५ ऑगस्ट १९५० च्या ८.६ तीव्रतेच्या भूकंपात डोंगर ढासळले आणि दिब्रुगढजवळ नदीचा तळ सुमारे तीन मीटर वर आला. गुवाहाटीच्या उताराने मोजलं, तर हा वीस ते तीस किलोमीटरांचा उतार झाला. पाणी काठांवर उलटलं. नदीतलं माजुली बेट एकेकाळी बाराशे चौरस किलोमीटरहून मोठं होतं. आज त्याच्या निम्मंही उरलेलं नाही. तिथल्या कितीतरी वैष्णव सत्रांना, म्हणजे मठांना, बेट सोडून दुसरीकडे जावं लागलं आहे.