वेदनेची नोंद आणि हक्काचा कागद

भारतीय संविधानाच्या चौथ्या भागातील अनुच्छेद ४१ असे सांगतो की, बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता अशा प्रसंगी नागरिकाला सार्वजनिक साहाय्य मिळावे यासाठी राज्याने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत परिणामकारक तरतूद करावी. हे मार्गदर्शक तत्त्व आहे. त्याच्या आधारे थेट न्यायालयात दाद मागता येत नाही. परंतु त्याच दिशेने पुढे कायदे झाले, योजना आल्या. महाराष्ट्रात १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार मानले, तर २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने एकवीस. या नव्या कायद्याच्या नावातच 'हक्क' हा शब्द आहे. असे असूनही आपल्या वस्त्यांतील माणूस तहसील कचेरीच्या पायऱ्या चढतो तो हात जोडूनच. ही दान मागण्याची वृत्ती जावी आणि हक्काचा अर्ज नीट भरला जावा, यासाठी हा लेखनप्रपंच.

एकवीस प्रकारांच्या यादीत एक नाव आपल्या विदर्भाच्या घराघरांशी निगडित आहे. ते म्हणजे सिकलसेल. नागपूर परिसरातील या विकाराची नोंद वैद्यकीय नियतकालिकात १९५८ साली झाली. आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत तो मोठ्या प्रमाणावर आढळतो, हे तेव्हापासून ज्ञात आहे. मात्र कायद्याने त्याला अपंगत्व मानले ते २०१६ साली, म्हणजे तब्बल अठ्ठावन्न वर्षांनी. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांला यात एक बोध दिसतो : एखादे दुःख अस्तित्वात असणे वेगळे आणि ते राज्याच्या दप्तरात नोंदले जाणे वेगळे.

सिकलसेलचे दुःख डोळ्यांना दिसत नाही. तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हातपाय, पाठ, छाती यांत असह्य कळा उठतात. झटका ओसरला की तेच मूल मैदानावर खेळताना दिसते. कुबडी नाही, काठी नाही. त्यामुळे "याला कसले अपंगत्व?" हा प्रश्न शेजारी विचारतात, कधी कधी कार्यालयातही विचारला जातो. अशा वेळी उत्तर देऊ शकतो तो फक्त कागद.

पहिला कागद निदानाचा. गावात किंवा शाळेत होणारी सोल्युबिलिटी चाचणी ही केवळ प्राथमिक तपासणी असते. तिच्यावरून रुग्ण कोण आणि वाहक कोण, हे ठरत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या चाचणीचा अहवाल लागतो. अहवालात 'एएस' असेल तर ती व्यक्ती वाहक होय. तिला आजार नाही, म्हणून अपंगत्वाचे प्रमाणपत्रही नाही. 'एसएस' असेल तर ती रुग्ण होय. हा भेद न कळल्यामुळे अनेक पालक रांगेत दिवस घालवून रिकाम्या हाताने परततात. मजुरी बुडते ती वेगळीच.

दुसरा टप्पा अर्जाचा. केंद्र शासनाच्या स्वावलंबन संकेतस्थळावर वैश्विक ओळखपत्रासाठी, म्हणजेच यूडीआयडीसाठी, अर्ज करावा लागतो. या अर्जाला शासकीय शुल्क नाही. छायाचित्र, आधार कार्ड आणि पत्त्याचा पुरावा जोडला की नोंदणी क्रमांक मिळतो. तो जपून ठेवावा. त्यानंतर जिल्हा सामान्य रुग्णालय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा शासनाने नेमलेल्या अन्य रुग्णालयात तपासणी होते. तपासणीचे वार ठरलेले असतात. निघण्यापूर्वी ते विचारून घ्यावेत.

तपासणीच्या दिवशी बहुतेकांचे गणित चुकते. डॉक्टरांसमोर मूल येते ते बऱ्या अवस्थेत. आजारी असते तर प्रवासच झाला नसता! "कसं आहे?" असे विचारले की आई संकोचाने म्हणते, "आता बरं आहे." परंतु टक्केवारी त्या एका दिवसावर ठरत नाही. वेदनेचे झटके किती वेळा आले, रक्त किती वेळा चढवावे लागले, रुग्णालयात किती वेळा दाखल व्हावे लागले, खुब्याच्या हाडावर किंवा मेंदूसारख्या अवयवांवर परिणाम झाला आहे काय, अशा बाबींचा विचार होतो. म्हणून प्रत्येक डिस्चार्ज कार्ड, रक्त चढवल्याची प्रत्येक चिठ्ठी आणि क्ष-किरण अहवाल तारखेच्या क्रमाने लावून न्यावा. शक्य असल्यास साध्या वहीत नोंद ठेवावी : अमुक तारखेला झटका, इतके दिवस अंथरुणावर, अमुक दवाखाना. त्यात वाढवून काही लिहू नये आणि भिडेपोटी कमीही लिहू नये. पुराव्याशिवाय विधान नाही, हा इतिहासलेखनाचा नियम येथेही तितकाच लागू आहे.

प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व नोंदले गेले तरच बहुतेक लाभ मिळतात. ते कायमस्वरूपी आहे की तात्पुरते, हेही पाहावे. तात्पुरते असल्यास मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरणाची तयारी करावी. निर्णय मान्य नसेल तर निराश होण्याचे कारण नाही. कायद्याच्या कलम ५९ नुसार अपील करता येते आणि त्यासाठी निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांची मुदत आहे. मात्र तोंडी नकारावर अपील होत नसते. म्हणून नकार आणि त्याचे कारण लेखी मागावे. ते मागणे हा उद्धटपणा नव्हे.

तिसरा टप्पा तहसील कार्यालयातील संजय गांधी शाखेचा. मासिक अर्थसाहाय्याच्या अर्जासोबत अपंगत्व प्रमाणपत्र, वयाचा पुरावा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, महाराष्ट्रात किमान १५ वर्षे वास्तव्य असल्याचा दाखला, शिधापत्रिका, आधार कार्ड आणि आधारशी जोडलेल्या बँक खात्याचे पासबुक लागते. कौटुंबिक वार्षिक उत्पन्नाची मर्यादा सर्वसाधारणपणे २१,००० रुपये असली तरी अपंगांसाठी ती ५०,००० रुपये आहे. २०२३ मध्ये हे साहाय्य दरमहा १,५०० रुपये झाले आणि २०२५ मध्ये दिव्यांग लाभार्थ्यांसाठी २,५०० रुपये करण्याचा निर्णय झाला. अर्ज दिल्यावर पोच घ्यावी. मंजुरीनंतरही दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो न दिल्यास अनुदान थांबते.

सर्वाधिक अर्ज अडतात ते नाव आणि जन्मतारीख यांच्या विसंगतीमुळे. या बाबतीत आम्हा शिक्षकांच्या पिढ्यांचाही हात आहे. मागील पिढीत शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली की १ जून लिहिण्याचा प्रघात होता. पुढे आधार नोंदणीच्या वेळी पुरावा नसलेल्यांच्या नावापुढे १ जानेवारी आली. आता एकाच माणसाचे दोन जन्मदिवस कचेरीत एकमेकांशी भांडतात. आधी शाळा सोडल्याचा दाखला काढावा, त्यानुसार आधार दुरुस्त करावे, आणि मगच अर्जाला हात घालावा. वडिलांचे घरगुती नाव एका कागदावर आणि शाळेतील नाव दुसऱ्यावर, असेही ठेवू नये.

आपल्या विद्यार्थ्यांसाठी या प्रमाणपत्राचे मोल मासिक रकमेपुरते नाही. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत आणि त्यांत सिकलसेलचे रुग्णही येतात. शासकीय नोकऱ्यांतील ४ टक्के आरक्षणात मात्र रक्तविकारांचा समावेश केलेला नाही. ही उणीव दूर व्हावी असे आमचे स्पष्ट मत आहे. पण तोपर्यंत पालकांना खोटी आशा दाखवणे उचित ठरणार नाही. दलाल हीच आशा विकतात. प्रमाणपत्र पैशाने मिळते असे सांगणाऱ्याला दारात उभे करू नये.

निवासी शाळा म्हणून आपले कर्तव्य याहून पुढचे आहे. वसतिगृहात मुलाला झटका येतो तेव्हा पालक शेकडो कोस दूर, ऊसतोडीवर किंवा वीटभट्टीवर असतात. दवाखान्यात नेतो तो अधीक्षक किंवा वर्गशिक्षक. त्या रात्रीचा कागद शाळेच्या कपाटात हरवला, तर त्या मुलाच्या टक्केवारीतील एक आधार हरवतो. म्हणून प्रत्येक सिकलसेलग्रस्त विद्यार्थ्याची स्वतंत्र धारिका असावी, आणि शाळा सोडताना दाखल्याबरोबर ती त्याच्या हाती द्यावी.

या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. शाळेला देणगी देणारे पुष्कळ आहेत, त्यांचे आम्ही ऋणी आहोत. परंतु ज्यांना देणगी शक्य नाही त्यांनी वर्षातून एकदा आपल्या वस्तीतील एका कुटुंबासोबत बसावे, त्यांचे कागद तारखेने लावावेत, एक अर्ज पूर्ण भरून द्यावा आणि पोच मिळेपर्यंत सोबत राहावे. आपल्याला येथे जे लिहिता-वाचता आले, त्याचा याहून थेट उपयोग आम्हांला सुचत नाही.