फसलेल्या प्रॅक्टिकलचं मोल

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत रोगप्रतिकारशास्त्र, म्हणजे मुलांच्या तोंडचं ‘इम्युनो’, पदवीला बहुधा स्वतंत्र विषय म्हणून भेटत नाही. सूक्ष्मजीवशास्त्र, बायोटेक, प्राणिशास्त्र यांच्या अभ्यासक्रमात एखाददुसरा पेपर म्हणून तो येतो आणि त्याची खरी ओळख होते ती टीवायला. स्कॉटलंडमध्ये ग्लासगो विद्यापीठात याच विषयात बी.एस्सी. करता येतं. आपल्याकडे तशी सोय नाही याचं मला फारसं दुःख नाही. जिवाणू-विषाणूंशी आधीच ओळख झालेल्या मुलांना हा विषय लवकर उमगतो. दुःख वेगळंच आहे. इतका वादळी इतिहास असलेला विषय आपण नावांची जंत्री करून टाकला आहे.

पेशींच्या पृष्ठभागावरचे ‘सीडी’ रेणू साडेतीनशेच्या वर आहेत. इंटरल्युकिनांचे आकडे वेगळे. शिवाय कॉम्प्लिमेंटची साखळी: सी-१ नंतर सी-४, मग सी-२ आणि त्यानंतर सी-३. हा उलटसुलट क्रम परीक्षेच्या आदल्या रात्री घोकताना मुलं वैतागतात. क्रमांक घटकांच्या शोधाप्रमाणे पडले आणि शरीरातला खरा क्रम पुढे कळला, एवढं एक वाक्य वर्गात सांगितलं तरी घोकंपट्टी निम्मी होईल. पण पेपरात कारण विचारत नाहीत, आकृती काढायला सांगतात.

याच जंत्रीत ‘बी पेशी’ येतात. त्यांची गोष्ट मात्र प्रत्येक टीवायच्या वर्गात सांगायलाच हवी, कारण ती एका फसलेल्या प्रॅक्टिकलची आहे. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक हा तरुण संशोधक कोंबड्यांच्या विष्ठाद्वाराजवळच्या ‘बर्सा’ नावाच्या पिशवीवर काम करत होता. पिल्लांची ही पिशवी काढून टाकली, तरी पक्षी छान वाढत. पिशवीचं काम काय, ते काही कळेना. तिथलाच टिमोथी चँग हा विद्यार्थी खालच्या वर्गांना शिकवत असे. प्रतिपिंडं कशी तयार होतात हे मुलांना दाखवायला त्याला कोंबड्या हव्या होत्या, म्हणून त्यानं ग्लिककडच्या काही मागून घेतल्या. साल्मोनेलाचं प्रतिजन टोचलं, पण प्रतिपिंडं काही मिळेनात. नोंदी तपासल्या तेव्हा उलगडा झाला: या कोंबड्यांची बर्सा आधीच काढलेली होती. दोघांनी प्रयोग नीट आखून पुन्हा केला आणि निबंध लिहिला. ‘सायन्स’नं तो परत पाठवला, अखेर १९५६ साली तो ‘पोल्ट्री सायन्स’मध्ये छापून आला. कुक्कुटपालनाचं नियतकालिक वैद्यकातले लोक कशाला चाळतील? पुढे १९६१ साली लंडनमध्ये जाक मिलर यांनी उंदरांतल्या थायमसचं महत्त्व दाखवलं आणि १९६५च्या सुमारास मिनेसोटात मॅक्स कूपर व रॉबर्ट गुड यांनी कोंबड्यांवरच काम करून थायमसचा आणि बर्साचा असे प्रतिकारव्यवस्थेचे दोन वेगळे विभाग आहेत हे पक्कं केलं. टी आणि बी पेशींचा सगळा धडा इथून निघाला.

आता आपल्या प्रयोगशाळेत या. एखाद्याच्या नळीत गुठळी आली नाही, तर तो काय करतो? शेजारच्याचं रीडिंग जर्नलमध्ये उतरवतो. एक्सटर्नलना ‘बरोबर’ उत्तर हवं असतं, त्यामुळे मुलांना दोष देण्यातही अर्थ नाही. एलायझाचं किट महाग, तेव्हा तो प्रयोग अनेकदा पुढच्या बाकावरचे करतात आणि मागचे बघतात.

खरं तर स्वस्तातल्या प्रयोगांतही भरपूर शिकण्यासारखं आहे. टायफॉइडसाठीची विडाल चाचणी घ्या. सिरम दुपटीदुपटीनं पातळ करत न्यायचं, १:२०, १:४०, १:८० असं, आणि शेवटची गुठळी कुठे दिसते ते पाहायचं, तो टायटर. मुलं आकडा लिहून मोकळी होतात. पण टायफॉइड जिथे नेहमीचाच आहे, तिथे धडधाकट माणसाच्या रक्तातही थोडी प्रतिपिंडं सापडतात. म्हणून एकाच नमुन्यातल्या टायटरला फारसा अर्थ नसतो. काही दिवसांनी घेतलेल्या दुसऱ्या नमुन्यात तो चौपट झाला, तर गोष्ट वेगळी. तालुक्याच्या गावी ‘विडाल पॉझिटिव्ह’च्या एका चिठ्ठीवर प्रतिजैविकं सुरू होतात, तिथे हे समजलेला एक पदवीधर लॅबमध्ये असणं ही लहान बाब नाही.

रक्तगटाच्या स्लाइडचंही तसंच. अँटी-ए आणि अँटी-बी दोन्हींत गुठळी नाही, म्हणजे ‘ओ’, असं लिहून पुढे जायचं. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांना मात्र असे रुग्ण भेटले, ज्यांच्या पेशी ‘ओ’सारख्या वागत, पण सिरम ‘ओ’ गटाच्या पेशींनाही गुठळ्या आणी. त्यांच्या पेशींवर ‘एच’ हे मूळ प्रतिजनच नव्हतं. ‘लॅन्सेट’मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ‘बॉम्बे’ रक्तगट शिरला. अशा माणसाला ‘ओ’ रक्त दिलं, तर जीव जाऊ शकतो. मुंबईत तयार झालेल्या हाफकिनच्या प्लेगच्या लशीबद्दल आपण अभिमानानं बोलतो. भेंड्यांचं नाव किती टीवायवाल्यांना ठाऊक असतं?

पाठ्यपुस्तकही जसंच्या तसं राहत नाही. टी पेशींतल्या काही इतरांना आवर घालतात, ही कल्पना १९८०च्या दशकात जवळजवळ निकालात निघाली होती. १९९५ साली शिमोन साकागुची यांनी ती नव्या पुराव्यानिशी परत आणली आणि २०२५चं नोबेल त्यांना मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह मिळालं. म्हणजे एका पिढीनं खोडलेलं प्रकरण दुसरीनं परीक्षेसाठी वाचायचं!

पुढे कुठे जायचं, या प्रश्नाला पुण्या-मुंबईच्या मुलांकडे उत्तरं आहेत: एनसीसीएस, एनआयव्ही, आयसर, सिरम इन्स्टिट्यूट, दिल्लीत राष्ट्रीय रोगप्रतिकारशास्त्र संस्था. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या ‘नेक्सकार१९’ या उपचाराला ऑक्टोबर २०२३मध्ये मान्यता मिळाली. रुग्णाच्याच टी पेशी काढून त्यांना बी पेशींवरचं सीडी-१९ ओळखायला शिकवायचं आणि काही प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगांवर सोडायचं, असं हे काम. जंत्रीतला एक क्रमांक आणि ओहायोतल्या कोंबड्या इथे एकत्र येतात.

तेव्हा शिक्षकांना आणि एक्सटर्नलना एवढीच विनंती: प्रॅक्टिकलच्या गुणांपैकी थोडे तरी ‘निकाल आला नाही, तो का आला नसावा’ या उत्तरासाठी राखून ठेवा. त्याला ना किट लागतं, ना अनुदान.